राष्ट्राध्यक्ष सुट्टीवर जातात तेव्हा कारभार कुठे जातो?

१९९१ च्या ऑगस्टमध्ये जगातल्या दोन बलाढ्य देशांचे अध्यक्ष एकाच वेळी सुट्टीवर होते. अमेरिकेचे थोरले जॉर्ज बुश मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टला, समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावरच्या आपल्या घरी. सोव्हिएत संघाचे मिखाइल गोर्बाचेव्ह क्रिमियात फोरोसला, काळ्या समुद्राकाठच्या सरकारी बंगल्यात.

१८ ऑगस्टला संध्याकाळी पाचच्या सुमारास गोर्बाचेव्हना निरोप आला की मॉस्कोहून काही मंडळी भेटायला आली आहेत. त्यांनी कोणालाच बोलावलं नव्हतं. चौकशीसाठी फोन उचलला तर बंद. दुसरा उचलला, तोही बंद. आलेल्यांत त्यांचा स्वतःचा कार्यालयप्रमुख बोल्दिनही होता. मागणी अशी: आणीबाणी पुकारा, नाहीतर अधिकार उपाध्यक्ष यानायेव्ह यांच्याकडे सोपवा. गोर्बाचेव्हनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी देशाला सांगण्यात आलं की प्रकृतीच्या कारणामुळे अध्यक्ष काम पाहू शकत नाहीत. अण्वस्त्रांच्या आदेशाची पेटी सांभाळणारे अधिकारीही तिथून हलवले गेले. एका महासत्तेचा अध्यक्ष आपल्याच देशात काय चाललंय हे कळावं म्हणून रेडिओवर बीबीसी ऐकत होता.

तिकडे मेनमध्ये बुशना राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी रात्रीच बातमी सांगितली, कारण तेही तिथेच मुक्कामाला होते. बुश दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला गेले, बैठका घेतल्या, गोर्बाचेव्हना फोन लावत राहिले. फोन लागला २१ तारखेला, बंड कोसळल्यावर.

दोघंही सुट्टीवर, दोघंही समुद्राकाठी, दोघांच्याही दिमतीला सुरक्षारक्षक आणि संदेशयंत्रणा. मग एकाची खुर्ची हलली आणि दुसऱ्याची का हलली नाही? राष्ट्रप्रमुखांच्या सुट्ट्यांबद्दल बोलताना आपण किती दिवस गेले आणि किती पैसे उडवले यातच अडकतो. तो हिशोबही पुढे करूच. पण त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: माणूस सुट्टीवर गेला की त्याचा अधिकारही जातो का?

रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा?

सरकारी कचेरीत साहेब रजेवर जातात तेव्हा तीन गोष्टी होतात. कोणीतरी वरचा रजा मंजूर करतो, चार्ज दुसऱ्याकडे जातो आणि साहेब परत येईपर्यंत सही दुसऱ्याची चालते. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या बाबतीत यातलं काहीच घडत नाही. त्याच्या वर कोणी नाही, त्यामुळे मंजुरी नाही. त्याच्या खात्यावर शिल्लक रजा नाही. आणि चार्ज तर तो देतच नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने कार्यकारी सत्ता एका व्यक्तीला दिली आहे, एका इमारतीला नाही. ती व्यक्ती टेक्सासच्या रानात झुडपं तोडत असो की हवाईच्या किनाऱ्यावर बसलेली असो, हुकूम तिचाच.

इथे एक फरक सांगून ठेवतो, पुढे लागेल. राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख ही दोन वेगळी पदं आहेत. भारतात राष्ट्रपती राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान शासनप्रमुख. ब्रिटनमध्ये राजा आणि पंतप्रधान. अमेरिकेत दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. म्हणून अमेरिकी अध्यक्षाची सुट्टी हा इतका गुंतागुंतीचा मामला होतो.

सुरुवातीच्या काळात तर ही गुंतागुंत फारच महागात पडू शकत होती. दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स १७९९ च्या मार्चमध्ये राजधानी फिलाडेल्फिया सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या घरी गेले ते ऑक्टोबरपर्यंत परतलेच नाहीत. पत्नी अ‍ॅबिगेल यांची प्रकृती हे एक मोठं कारण होतं. अ‍ॅडम्स तिथून टपालाने कारभार पाहत. कागद यायचे, सही होऊन जायचे, दिवसच्या दिवस लागायचे. इकडे त्यांचेच काही मंत्री त्यांच्यापेक्षा त्यांच्याच पक्षातल्या अलेक्झांडर हॅमिल्टनचं जास्त ऐकत होते. अ‍ॅडम्सना फ्रान्सशी तह करायला दूत पाठवायचे होते, तर या मंत्र्यांनी ते काम रेंगाळत ठेवलं. शेवटी नौदलमंत्री स्टॉडर्ट यांनी त्यांना परत येण्याची गळ घातली. अ‍ॅडम्स आले आणि मंत्र्यांचा विरोध डावलून त्यांनी दूत रवाना केले. कायद्याने अधिकार सगळा त्यांचाच होता. प्रत्यक्षात मात्र घोड्यावरून येणाऱ्या टपालाच्या वेगाइतकाच तो उरला होता.

लिंकनची तऱ्हा वेगळी. यादवी युद्ध ऐन भरात असताना कुठे लांब जाणं शक्यच नव्हतं. १८६२, ६३ आणि ६४ चे उन्हाळे त्यांनी व्हाइट हाउसपासून जेमतेम तीन मैलांवर, सोल्जर्स होम नावाच्या माजी सैनिकांच्या वसाहतीतल्या एका बंगल्यात काढले. जागा उंचावर होती, वाऱ्याची होती. रोज सकाळी ते घोड्यावरून नाहीतर बग्गीतून कामावर यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. गुलामगिरी संपवण्याच्या जाहीरनाम्यावरचा त्यांचा बराच विचार याच मुक्कामात झाला. याला सुट्टी म्हणायचं की फक्त झोपायची जागा बदलली म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मासे धरायला जातोय

अध्यक्ष सुट्टीवर जातो ही बातमी लोकांना इतकी साधी वाटते की तिच्याआड बरंच काही दडवता येतं. याची दोन उदाहरणं मला फार रंजक वाटतात.

१८९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आर्थिक घबराट पसरली होती. बँका आणि रेल्वे कंपन्या बुडत होत्या. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या तोंडात, टाळूवर गाठ आढळली आणि ती कर्करोगाची असावी असं डॉक्टरांचं मत पडलं. चलनाला आधार सोन्याचा ठेवायचा की चांदीचाही, यावर तेव्हा देश दुभंगला होता. क्लीव्हलंड सोन्याच्या बाजूचे, तर उपाध्यक्ष अ‍ॅडले स्टीव्हन्सन चांदीवाल्यांच्या. अध्यक्ष आजारी आहेत एवढं कळलं असतं तरी बाजार कोसळला असता. म्हणून क्लीव्हलंड मित्राच्या 'ओनायडा' या नौकेवर चढले. बाहेर सांगितलं, सहलीला चाललोय. १ जुलैला चालत्या नौकेवर डॉक्टरांच्या पथकाने त्यांच्या वरच्या जबड्याचा भाग कापून काढला. बाहेरून व्रण दिसू नये म्हणून सगळी शस्त्रक्रिया तोंडातून केली. पुढे रबराचा तुकडा बसवून त्यांचा आवाज पूर्ववत केला गेला. एका पत्रकाराने महिना-दोन महिन्यांत बातमी फोडली, पण तिच्यावर विश्वास बसू दिला गेला नाही. खरी हकीकत त्या पथकातल्याच एका डॉक्टरने १९१७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा क्लीव्हलंड हयात नव्हते.

दुसरं उदाहरण फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ते 'पोटोमॅक' या अध्यक्षीय नौकेवरून मासेमारीच्या सहलीला निघाले, पत्रकारांना न घेता. वाटेत गुपचूप युद्धनौकेवर बसून ते न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ चर्चिलना भेटायला गेले. 'पोटोमॅक' मात्र तशीच किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत राहिली आणि डेकवर रूझवेल्टसारखा दिसणारा माणूस बसवलेला होता. त्या भेटीतून अटलांटिक सनद, म्हणजे युद्धानंतरचं जग कसं असावं याची दोघांची संयुक्त घोषणा, निघाली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती.

दोन्ही वेळा लोकांना अंधारात ठेवलं गेलं. एकदा बाजारासाठी, एकदा युद्धासाठी. दुसरं मी समजू शकतो. पहिल्याबद्दल मन साशंक होतं, कारण त्या नौकेवर भूल दिलेली असताना अमेरिकेचा कारभार कोणाच्या हाती होता याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. उपाध्यक्षाला तर काही पत्ताच नव्हता.

डेन्व्हरमधली रात्र

हा प्रश्न त्याआधीही एकदा आ वासून उभा राहिला होता. २ जुलै १८८१ ला अध्यक्ष जेम्स गारफील्ड उन्हाळी सुट्टीसाठी निघाले असताना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याला त्यांच्या प्रवासाची माहिती वर्तमानपत्रांतूनच मिळाली होती. गारफील्ड त्यानंतर ७९ दिवस अंथरुणाला खिळून जगले. तेवढा काळ अमेरिकेला चालता-बोलता अध्यक्ष जवळजवळ नव्हताच. घटनेत लिहिलं होतं की अध्यक्ष असमर्थ झाल्यास त्याचे अधिकार उपाध्यक्षाकडे जातील. पण असमर्थ झाला हे ठरवणार कोण, आणि तो बरा झाला तर अधिकार परत मिळणार का, याबद्दल घटना गप्प होती. उपाध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी सत्ता बळकावल्याचा ठपका नको म्हणून हातच घातला नाही.

पुढची ७०-७५ वर्षं हे भिजत घोंगडं तसंच राहिलं. मग आयझेनहॉवर सुट्टीवर गेले.

सप्टेंबर १९५५. कोलोरॅडोतलं डेन्व्हर, आयझेनहॉवर यांची सासुरवाडी. २३ तारखेला ते दिवसभर गोल्फ खेळले, मध्येमध्ये परराष्ट्रमंत्र्यांचे फोन घेत. रात्री सासूबाईंच्या घरी छातीत दुखायला लागलं. खासगी डॉक्टर धावत आले. सुरुवातीला बाहेर सांगितलं गेलं की पोटाची तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी खरं सांगावं लागलं: हृदयविकाराचा झटका. सोमवारी न्यू यॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसात सुमारे साडेसहा टक्के घसरला. आयझेनहॉवर जवळजवळ सात आठवडे डेन्व्हरच्या लष्करी रुग्णालयात होते. उपाध्यक्ष निक्सन वॉशिंग्टनमध्ये मंत्रिमंडळाच्या बैठका घेत, पण अध्यक्षांच्या खुर्चीवर न बसता स्वतःच्याच खुर्चीवरून. हे सौजन्य होतं तसंच सावधपणाही होता. अधिकृत चार्ज कोणाकडेच नव्हता.

ऐन शीतयुद्धात, अण्वस्त्रं सज्ज असताना हे असं चालणार नाही हे आयझेनहॉवर यांनाच पटलं. त्यांनी निक्सनशी लेखी समझोता केला: मी असमर्थ झालो तर काय करायचं. तो समझोता दोन माणसांमधला होता, कायदा नव्हता. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि मग संसदेने मनावर घेतलं. १० फेब्रुवारी १९६७ ला २५ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. तिच्या तिसऱ्या कलमानुसार अध्यक्ष स्वतः पत्र लिहून अधिकार तात्पुरते उपाध्यक्षाकडे सोपवू शकतो आणि दुसरं पत्र लिहून परत घेऊ शकतो. चौथ्या कलमानुसार अध्यक्षाला पत्र लिहिणंही शक्य नसेल तर उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळातलं बहुमत मिळून तसं जाहीर करू शकतात. हे चौथं कलम आजवर वापरावं लागलेलं नाही.

तिसरं कलम कधी वापरलं गेलं हे बघण्यासारखं आहे. धाकटे बुश यांनी २००२ आणि २००७ मध्ये काही तासांसाठी अधिकार उपाध्यक्ष डिक चेनी यांना दिले. दोन्ही वेळा ते कॅम्प डेव्हिडला होते, म्हणजे मेरीलंडच्या डोंगरातल्या अध्यक्षांच्या विश्रांतिस्थळी. पण कारण विश्रांती नव्हतं. मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी गुंगीचं औषध घ्यायचं होतं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जो बायडेन यांनी त्याच कारणासाठी अधिकार कमला हॅरिस यांना दिले, सुमारे ८५ मिनिटांसाठी. १९८५ मध्ये रेगन यांनीही शस्त्रक्रियेआधी असं पत्र दिलं होतं, फक्त आपण हे कलम वापरतोय असं कबूल करायचं त्यांनी टाळलं. महिना-महिना सुट्टी घेतली म्हणून अधिकार कोणालाच द्यावा लागला नाही. शुद्ध हरपणार होती म्हणून तासा-दोन तासांसाठी द्यावा लागला.

सोव्हिएत संघात असं पत्र लिहिण्याची सोय आणि ते मानण्याची सवय दोन्ही नव्हतं. तिथे सत्ता माणसाभोवती असायची आणि माणूस मॉस्कोबाहेर गेला की त्याच्याभोवतीची जागा मोकळी व्हायची. गोर्बाचेव्हच्या आधी ख्रुश्चेव्हनी हे अनुभवलं होतं. ऑक्टोबर १९६४ मध्ये ते काळ्या समुद्रावर पित्सुंदाला विश्रांतीला गेले. १२ तारखेला त्यांनी तिथून 'वोस्खोद' यानातल्या अंतराळवीरांशी फोनवर गप्पा मारल्या. त्याच दिवशी मॉस्कोहून सहकारी ब्रेझनेव्हचा फोन आला: तातडीची बैठक आहे, या. १३ ला ते गेले आणि १४ ला पदावरून गेले. अंतराळवीर मॉस्कोला पोचले तेव्हा स्वागताला दुसरेच नेते उभे होते. यातली गंमत अशी की औपचारिक राष्ट्रप्रमुखपद तेव्हा ख्रुश्चेव्हकडे नव्हतंच. ते मिकोयान यांच्याकडे होतं, आणि तेही पित्सुंदालाच होते. त्यांना कोणी धक्का लावला नाही. धक्का खऱ्या सत्तेला द्यायचा होता.

सोबत जाणारं बिऱ्हाड

अमेरिकी अध्यक्ष कुठेही गेला तरी त्याच्यासोबत काय-काय जातं? अंगरक्षक आणि डॉक्टर तर आलेच. सुरक्षित फोन आणि संदेशयंत्रणा लावणारं लष्करी पथक असतं. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किंवा त्यांचा कोणीतरी सहकारी असतो. रोजची गुप्तचर माहिती सांगणारा अधिकारी असतो. आणि चोवीस तास सावलीसारखा एक लष्करी अधिकारी, हातात काळी जड बॅग. अण्वस्त्र हल्ल्याचा आदेश द्यायची साधनं तिच्यात असतात. बोलीभाषेत तिला 'फुटबॉल' म्हणतात. गोर्बाचेव्हपासून तोडली गेली ती याचीच सोव्हिएत आवृत्ती.

हे सगळं नेल्यावर निर्णयही तिथेच होतात. १९८१ च्या ऑगस्टमध्ये रेगन यांनी आपला गाजलेला करकपातीचा कायदा कॅलिफोर्नियातल्या रांचवर, दाट धुक्यात, घराबाहेर मांडलेल्या टेबलावर सही करून मंजूर केला. २० ऑगस्ट १९९८ ला क्लिंटन यांनी अफगाणिस्तान आणि सुदानवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यांची घोषणा मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर सुट्टी घालवत असताना केली आणि मग वॉशिंग्टन गाठलं. ओबामा तर एक पाऊल पुढे गेले. जानेवारी २०१३ मध्ये करांबाबतचं अत्यंत निकडीचं विधेयक संसदेने मंजूर केलं आणि ते सहीसाठी तयार होईपर्यंत ओबामा हवाईला सुट्टीवर पोचले होते. कागद तिकडे नेण्याऐवजी त्यांनी संमती कळवली आणि वॉशिंग्टनमधल्या यंत्राने त्यांची सही केली.

पण सोबत आलेला कागद वाचला म्हणजे काम झालं असंही नाही. ६ ऑगस्ट २००१ ला टेक्सासमधल्या क्रॉफर्डच्या रांचवर धाकट्या बुशना जे गुप्तचर टिपण दिलं गेलं, त्याचा मथळाच असा होता की बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्याच्या निर्धाराने आहे. पाच आठवड्यांनी ११ सप्टेंबर उजाडला. ते व्हाइट हाउसमध्ये असते तर वेगळं काही घडलं असतं का, सांगता येत नाही. विरोधकांनी मात्र ते टिपण आणि ती सुट्टी कायमची एकत्र बांधून टाकली.

पैसे कोण देतं?

अध्यक्ष स्वतःच्या घरी राहिला तर राहण्याचं भाडं नाही. कुटुंबाचं जेवणखाण त्याच्या खिशातून. मोठा खर्च पडतो तो त्याच्या पदामुळे. अध्यक्षाला अंगरक्षक नाकारायची मुभा कायद्याने नाही. त्याला साध्या विमानाने जाता येत नाही आणि अध्यक्षीय विमानाचा खर्च, हवाई दलाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आकड्यांनुसार, ताशी साधारण दीड ते दोन लाख डॉलर येतो.

एक नेमका हिशोब उपलब्ध आहे. आपल्या कॅगसारखी सरकारी खर्च तपासणारी जी अमेरिकी संस्था आहे, तिने २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्या मार-ए-लागोच्या चार फेऱ्या तपासल्या. एकूण खर्च सुमारे १ कोटी ३६ लाख डॉलर, म्हणजे फेरीमागे ३४ लाख. त्यातला मोठा वाटा विमानं आणि नौका चालवण्याचा. यात मार-ए-लागोला दिलेले सुमारे ६० हजार डॉलरही होते, कारण ती जागा ट्रम्प यांच्याच मालकीचा क्लब आहे आणि सोबतच्या सरकारी माणसांच्या मुक्कामाचे पैसे क्लबला द्यावे लागले. रक्कम एकूण खर्चात क्षुल्लक, पण प्रश्न क्षुल्लक नाही. सरकारी पैसा अध्यक्षाच्याच धंद्यात जमा होतोय. माझ्या मते ३४ लाखांपेक्षा या ६० हजारांवर जास्त चर्चा व्हायला हवी.

त्याच मार-ए-लागोची जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. मूळ मालकीण मार्जरी मेरीवेदर पोस्ट १९७३ मध्ये वारल्या, तेव्हा अध्यक्षांना हिवाळ्यात राहायला म्हणून त्यांनी ती वास्तू सरकारला देऊन ठेवली होती. तिची निगा राखणं सरकारला परवडेना, अध्यक्षही तिकडे फिरकेनात. १९८१ मध्ये सरकारने ती पोस्ट यांच्या संस्थेला परत केली. १९८५ मध्ये ट्रम्प यांनी ती विकत घेतली.

खर्चाचा एक भाग कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. अध्यक्ष मार-ए-लागोत असताना आसपासचं आकाश बंद होतं. शेजारच्या लँटाना इथल्या छोट्या विमानतळावर विमान उडवायला शिकवणाऱ्यांचा, विमानं दुरुस्त करणाऱ्यांचा धंदा तेवढे दिवस ठप्प.

दिवस मोजायचे कसे?

कोणता अध्यक्ष किती दिवस सुट्टीवर होता याचे आकडे इंटरनेटवर दर उन्हाळ्यात फिरतात. यातले बरेचसे मार्क नोलर यांच्या वहीतून आलेले असतात. सीबीएसचे हे वार्ताहर वर्षानुवर्षं अध्यक्षांच्या प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवत. त्यांच्या हिशोबाने धाकटे बुश आठ वर्षांत ७७ वेळा क्रॉफर्डला गेले, ४९० दिवस. कॅम्प डेव्हिडचे ४८७ दिवस वेगळे. रेगन आपल्या रांचवर ३३५ दिवस.

आकडे खरे आहेत, पण त्यात दिवसाचा एखादा तुकडाही पूर्ण दिवस म्हणून धरलेला असतो. शिवाय कॅम्प डेव्हिडचा दिवस सुट्टीचा धरायचा का? १९७८ च्या सप्टेंबरमध्ये कार्टर तिथे १३ दिवस होते, इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना एका छताखाली ठेवून समझोता घडवत. बुशनी क्रॉफर्डला पुतिनना बोलावलं, निक्सननी कॅलिफोर्नियातल्या घरी ब्रेझनेव्हना. उलट कॅल्व्हिन कूलिज १९२७ चा उन्हाळा साउथ डकोटाच्या डोंगरात घालवत होते. तिथल्या एका शाळेत त्यांनी पत्रकारांच्या हातात कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या: १९२८ मध्ये मी अध्यक्षपदासाठी उभा राहणार नाही. देशाचं राजकारण फिरवणारी बातमी दिली आणि सुट्टी पुढे चालू.

खरा फटका बसतो तो दिवसांच्या संख्येमुळे नाही, वेळ चुकल्यामुळे. कतरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ ला धडकलं तेव्हा बुश यांची लांबलेली सुट्टी चालू होती. दोन दिवसांनी परतताना विमानाच्या खिडकीतून खाली बुडालेलं न्यू ऑर्लिन्स बघतानाचा त्यांचा फोटो निघाला आणि तो त्यांना आयुष्यभर चिकटला. ओबामांनी ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स फोली यांच्या हत्येवर निवेदन केलं आणि लगेच गोल्फच्या मैदानावर गेले. ते कसं दिसेल याचा आधी विचार करायला हवा होता, असं त्यांनी नंतर मान्य केलं. फ्रान्समध्ये २००३ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेने सुमारे १५ हजार माणसं दगावली, त्यांतली बहुतेक वृद्ध. राष्ट्राध्यक्ष शिराक तेव्हा कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सुट्टीवर होते. त्यांच्या परत येण्याने पारा उतरला नसता हे खरं, पण लोक मरत असताना प्रमुख दिसला नाही हेही खरंच.

सगळ्यात व्यवहारी क्लिंटन. निवडणूक जवळ आल्यावर सुट्टी कुठे घालवलेली मतदारांना आवडेल, याची त्यांच्या सल्लागाराने चाचणी घेतली. मार्थाज व्हिनयार्ड हे श्रीमंतांचं बेट बाजूला पडलं आणि कुटुंब वायोमिंगच्या डोंगरात गेलं.

आपल्याकडे

भारताच्या राष्ट्रपतींना सुट्टीची गावं वारशात मिळाली आहेत. हैदराबादजवळ बोलारमचं राष्ट्रपती निलयम आणि शिमल्याजवळ मशोब्र्याचं राष्ट्रपती निवास. निलयममध्ये हिवाळ्यात काही दिवस मुक्काम करण्याची प्रथा आहे आणि ती विश्रांतीइतकीच दक्षिणेत राष्ट्रपतींचं अस्तित्व दिसावं म्हणूनही आहे. दोन्ही वास्तू २०२३ पासून सर्वसामान्यांना पाहता येतात. उन्हाळ्यात अख्खं सरकारच डोंगरावर नेण्याची इंग्रजांची सवय तर महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत असायचा. गणेशखिंडीतल्या त्याच्या निवासात आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. महाबळेश्वरचं निवासस्थान अजूनही राज्यपालांकडेच आहे.

राष्ट्रपती गैरहजर असतील तर काय, हे आपल्या घटनेने आधीच लिहून ठेवलं. अनुच्छेद ६५ नुसार गैरहजेरी, आजारपण किंवा अन्य कारणाने राष्ट्रपती काम करू शकत नसतील तर उपराष्ट्रपती ते पाहतात. १९६० मध्ये राजेंद्रप्रसाद सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा आणि १९६१ मध्ये ते आजारी पडले तेव्हा राधाकृष्णन यांनी ही जबाबदारी सांभाळली. अमेरिकेला जे १९६७ मध्ये सुचलं, ते आपल्याकडे पहिल्या दिवसापासून होतं.

गंमत म्हणजे खरी सत्ता ज्यांच्याकडे असते त्या पंतप्रधानांबाबत असं काहीच लिहिलेलं नाही. वाजपेयी डिसेंबर २००० मध्ये केरळात कुमारकोमला विश्रांतीला गेले आणि तिथून काश्मीर, पाकिस्तान व अयोध्येवर लिहिलेलं त्यांचं चिंतन वर्तमानपत्रांत छापून आलं. दोन वर्षांनी नववर्षाच्या मुक्कामात गोव्यातूनही त्यांनी असंच लिहिलं. कोणाला चार्ज दिला, असा प्रश्नही निघाला नाही. २०१६ मध्ये माहिती अधिकारात पंतप्रधानांच्या रजेचे नियम विचारले गेले तेव्हा त्यांच्या कार्यालयाने कळवलं की पंतप्रधान सदैव कामावरच असतात, असं म्हणता येईल.

सदैव कामावर असलेला माणूस भुलेखाली असेल तेव्हा काय? जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंग यांची हृदयशस्त्रक्रिया झाली. प्रणव मुखर्जी यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका सांभाळल्या, अर्थखातं पाहिलं आणि फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्पही मांडला. काम अडलं नाही. पण मुखर्जी कार्यवाहक पंतप्रधान नव्हते, कारण असं पदच घटनेत नाही. ती व्यवस्था त्या वेळेपुरती केली गेली, १९५८ च्या आयझेनहॉवर-निक्सन पत्रासारखीच, आणि पुढच्या वेळी काय करायचं हे तेव्हाच्या पंतप्रधानांवर आणि त्यांच्या मंत्रिमंडळावर सोडलेलं आहे.